आधी उठेल त्याने बिल द्यायचं

२ ऑगस्ट १९९९, सोमवार

ही डायरी जानेवारीत खतवाल्या कंपनीने फुकट दिली होती. तेव्हापासून ती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली टेकण म्हणून पडली होती. आज काढली. लाम्ब्रोस म्हणाला, "ज्याच्याकडे शेअर आहेत त्याने लिहून ठेवावं, थिमिओ. नाहीतर कालचा गाढवपणा आज शहाणपणा वाटायला लागतो." लाम्ब्रोस आमच्या गावचा निवृत्त शाळामास्तर. मी चौथीतच शाळा सोडली आणि बापाच्या हाताखाली कॉफी उकळायला लागलो. वाचायला शिकलो ते गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांवर, त्यामुळे मला जगातल्या सगळ्या बातम्या ठाऊक, पण एक दिवस शिळ्या.

तर पहिल्यापासून लिहितो. पालिओव्रिसीतलं हे कॉफीघर माझ्या बापाने चालवलं, आता मी चालवतो. पण भिंती आमच्या नाहीत. त्या उरानियाबाईंच्या. बाई मेलबर्नला असतात, आणि आता त्यांना भिंती विकायच्या आहेत. लारिसा शहरातला कुणी एकजण इथे रंगीत दिव्यांचा बार काढायचा म्हणतो. बाईंचा भाचा फोतिस जवळच्या त्रिकाला शहरात वकिली करतो, पोरगा सरळ आहे. म्हणाला, "थिमिओकाका, पहिला हक्क तुमचा. एप्रिलातल्या संत योर्गोसच्या सणापर्यंत पैसे उभे करा, तोवर मी त्या लारिसावाल्याला झुलवत ठेवतो." भाडं असो, गुराखी ठेवणं असो, आमच्याकडे सगळे करार त्याच सणाला सुरू होतात नाहीतर संपतात.

किमतीचे तिनातले दोन वाटे माझ्याकडे आहेत. तिसरा वाटा कॉफी विकून वसंतापर्यंत जमवायचा म्हणजे चमच्याने विहीर भरायची. म्हणून होते ते सगळेच्या सगळे पैसे शेअरबाजारात टाकले. सगळा ग्रीस टाकतोय. न्हावी टाकतोय, खाटीक टाकतोय, पाद्रीबुवा टाकत नाहीत म्हणतात, पण निर्देशांक किती झाला ते मला सगळ्यांत आधी तेच विचारतात.

एवान्थिया, माझी बायको, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हातातली चिमणी सोड आणि झुडपातल्या कबुतराला दाणे टाक." मी म्हटलं, "अगं, कबुतर रोज मोठं होतंय." ती म्हणाली, "चिमणी माझी होती."

१५ ऑगस्ट, रविवार

आज मरियमेचा सण. देवळातून सगळे इकडेच आले.

खिडकीजवळच्या टेबलाबद्दल लिहायला हवं, कारण पुढे कुणी वाचलं तर कळायचं नाही. त्या टेबलाला बापाच्या वेळेपासून एक नियम आहे: जो आधी उठेल त्याने सगळ्यांचं बिल द्यायचं. म्हणून तिथे बसलेली माणसं उठतच नाहीत. बायका दारात येऊन हाका मारायला लागल्या की सगळी एकदम उठतात, आणि बिल समसमान फुटतं. एकदा बर्फात झिसिसची मेंढी अडली होती, निरोप आला, तरी हा पठ्ठ्या बसून राहिला. शेवटी आम्ही सगळेच उठलो आणि मेंढी सोडवायला गेलो.

त्या टेबलावर आम्ही चौघं. लाम्ब्रोस मास्तर. झिसिस मेंढपाळ, त्याच्या अंगाला चीजचा वास येतो आणि तो त्याला मान्य नाही. वायोस, गावची बस त्रिकालाला नेतो आणि आणतो. आणि कडेला खुर्ची ओढून मी. चौघांनी एकच शेअर घेतलाय: 'पेलागिया', समुद्रात मासे पाळणारी कंपनी. लाम्ब्रोसच्या साडूच्या ओळखीच्याने सांगितलं होतं, अगदी पक्की खबर.

झिसिस म्हणाला, "मी जन्मात मासा धरला नाही. आता म्हातारपणी मासाच मला धरणार."

"तुला धरून त्याला काय मिळणार? वास?" वायोस म्हणाला.

मग त्सीपुरो दारूचे पेले भरले. लाम्ब्रोस उभा राहिला, पण लगेच म्हणाला, "हे उठणं मोजायचं नाही हं." आणि शपथ घातली: जो या टेबलाचा नियम तोच पेलागियाचा. शिरलो एकत्र, निघायचं एकत्र. कुणी आधी उठायचं नाही.

पेल्याला पेला लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्सीपुरो कडक होती म्हणून सांगितलं.

८ सप्टेंबर, बुधवार

काल अथेन्सला भूकंप. माणसं गेली. टीव्हीवर ढिगारे दाखवत होते आणि मी त्यांच्याखाली शेअरच्या आकड्यांची धावती पट्टी शोधत होतो. लाज वाटली. टीव्ही बंद केला आणि कपबश्या घासत बसलो.

१६ सप्टेंबर, गुरुवार

निर्देशांक सहा हजारांच्या पार. पेलागिया आज पुन्हा आठ टक्के वर. एका दिवसात त्याहून जास्त वाढायला परवानगीच नाही, नाहीतर कुठवर गेली असती देव जाणे. कॉफीघरातल्या फळ्यावर मी रोज भाव लिहितो, आज आकडा लिहिताना खडू मोडला.

एवान्थिया भांडी पुसता पुसता म्हणाली, "पुरतात का आता?"

"कशाला?"

"भिंतींना, म्हाताऱ्या."

मी हिशेब केला नव्हता असं नाही. पुरतात. पुरून उरतात. रात्री कूस बदलत राहिलो. लाम्ब्रोस म्हणतो ख्रिसमसपर्यंत दुप्पट. पण मला दुप्पट नको, मला भिंती हव्यात.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी जे करायला निघालो होतो ते इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

मी विकायला निघालो होतो. एकटा. कुणाला न सांगता. सकाळच्या बसने त्रिकालाला गेलो, वायोसला सांगितलं की कप आणायचे आहेत. शेअर कार्यालयाच्या दाराशी पोचलो, हात मुठीवर ठेवला, आणि दार आतून उघडलं. समोर लाम्ब्रोस!

दोघंही खांबासारखे उभे.

"तू इकडे कुठे?" त्याने विचारलं. चेहरा पांढराफटक.

"कप आणायला," मी म्हटलं. "आणि तू?"

"दाताच्या डॉक्टरकडे. वर आहे. दुसऱ्या मजल्यावर." थोडा थांबून म्हणाला, "जिना इथूनच आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिचारा दात दुखतो म्हणून आला होता, आणि मी शपथ मोडायला. आम्ही चौकात बसून कॉफी प्यायलो. त्याने मला बिल देऊ दिलं नाही, हट्टच धरला. मग मी खरोखरच कप घेतले, डझनभर, नको होते तरी. परतीच्या बसमध्ये वायोस आम्हा दोघांना आरशातून बघून हसत होता. "काय, झाली का खरेदी?" म्हणाला. आज तोही भारी खुशीत होता, सगळ्या घाटात गात आला.

देवानेच लाम्ब्रोसला त्या दारात उभं केलं. नाहीतर मी या टेबलाला तोंड कसं दाखवलं असतं?

एवान्थियाने कप पाहिले, लाम्ब्रोसच्या दाताचंही माझ्याकडून ऐकलं. एक उचलून उलटा करून बघितला, आणि म्हणाली, "मास्तरांना म्हणावं, त्या इमारतीत दाताचा डॉक्टर नाही."

तिला काय ठाऊक, तीन वर्षांत ती त्रिकालाला गेलेली नाही.

२८ सप्टेंबर, मंगळवार

उतरतंय. रोज थोडं थोडं. लाम्ब्रोस म्हणाला, "बाजार श्वास घेतोय." तो अगदी शांत आहे. शिकलेल्या माणसाचं हेच असतं, संकटात डोकं थंड.

१८ ऑक्टोबर, सोमवार

झिसिसने नवी गाडी घेतली, मागे मेंढ्या घालायची. पांढरी, अजून आसनांवरचं प्लास्टिक काढलेलं नाही. मी विचारलं तर टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "युरोपने दिली. मेंढ्यांचं अनुदान."

चला, ब्रसेल्सला एकदाची गरिबाची आठवण झाली! मी कौतुक केलं तेवढा तो ओशाळला. मनाने फार साधा माणूस.

पेलागिया चार दिवस लागोपाठ आठ-आठ टक्के खाली. आता खालीही त्याहून जास्त जायला परवानगी नाही, एवढीच देवाची कृपा.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

लाम्ब्रोसने नवे दात बसवले. पूर्वी हसायचा तर तोंडावर हात ठेवायचा. आता सगळे दाखवतो. आज पेलागिया कोसळली तेव्हाही हसला. मला म्हणाला, "धीर धर, थिमिओ. निवडणुका एप्रिलमध्ये आहेत. तोवर सरकार बाजार पडू देणार नाही."

"पण पडलाय ना आधीच."

"म्हणजे आणखी पडू देणार नाही."

सगळा ग्रीस असंच म्हणतोय. सगळा ग्रीस काही चुकायचा नाही.

तरी मनात पाल चुकचुकली म्हणून दुपारी शेअर कार्यालयात फोन केला. तिथली वासो गोड मुलगी आहे. मी विचारलं, "पोरी, आमच्या गावचे अजून सगळे आहेत ना पेलागियात?"

"थिमिओकाका, दुसऱ्यांचं मला सांगता येत नाही."

"दुसऱ्यांचं नको सांगू. एवढंच सांग, आहोत ना आम्ही?"

तिकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही आहात, काका."

तेवढं पुरे झालं. नंतर ती म्हणाली, "काका, एक सांगू का? तुम्हीपण..." आणि तिथे लाईन खरखरली की तिनेच ठेवला कळलं नाही. आमच्याकडे वारा सुटला की तारा लोंबतात.

२४ नोव्हेंबर, बुधवार

वायोसने घराची कौलं बदलली. त्याच्या दिवंगत मावशीने पैसे ठेवले होते म्हणे. मावशी आठ वर्षांपूर्वी गेली. कागदपत्रांना वेळ लागतो आपल्या देशात.

१९ डिसेंबर, रविवार

बर्फ. गिऱ्हाईक नाही. चौघंच शेगडीजवळ.

आज विषय मीच काढला. म्हटलं, "मंडळी, खरं सांगा. आपण निघावं का? एकत्र?"

वायोस एकदम म्हणाला, "हो!" आणि लाम्ब्रोसने त्याला टेबलाखालून लाथ मारली. टेबल हललं म्हणून कळलं.

"म्हणजे मी निघतो असं नाही," वायोस म्हणाला. "म्हणजे, तुला निघायचं तर तू..."

"मी एकटा? शपथ मोडून?" मला राग आला. "वायो, मला तू असा समजतोस?"

झिसिस माळेचे मणी ओढत बसला, टक टक. मग पुटपुटला, "कुत्रं बाहेर बांधलंय, थंडीत मरेल," आणि खुर्चीतून उठायला लागला. त्याने मध्येच स्वतःला सावरलं आणि परत बसला. नियम आठवला असणार.

मीच सगळ्यांना धीर दिला. म्हटलं, घाबरू नका, मी तुम्हाला सोडून जाणार नाही. जे तुमचं होईल ते माझं होईल. लाम्ब्रोसला माझं बोलणं इतकं लागलं की तो नवे दात काढून रुमालात गुंडाळून बसला.

मी आणखी एक बघतोय. आकडे उतरतात तसे हे तिघं माझ्याशी जास्तच मायेने वागतात. आपलं स्वतःचं घर जळत असताना दुसऱ्याच्या घरावर पाणी मारणारी माणसं आता राहिली नाहीत. माझ्या टेबलावर तीन आहेत.

२० जानेवारी २०००, गुरुवार

माझ्या नावाच्या संताचा दिवस. आमच्याकडे ज्याच्या नावाचा दिवस त्याने सगळ्यांना पाजायचं, म्हणजे आज मी, पण भेटी बघून मीच लाजलो. झिसिसने चीजचा अख्खा गोल आणला, बैलगाडीच्या चाकाएवढा. लाम्ब्रोसने लोकरीचा कोट, अथेन्सच्या दुकानातला. वायोसने नवा टीव्ही!

"वेड लागलं का तुम्हाला?" मी ओरडलो. "असल्या दिवसांत?"

वायोस खाली बघत म्हणाला, "जुन्यात पट्टी नीट दिसत नव्हती."

एवान्थियाने टीव्हीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे एकेक करून. म्हणाली, "दिसायला लागली तर बरं होईल." आणि आत गेली. तिच्या बोलण्याला हल्ली धार आलीये. काळजीने होतं असं. मी रात्री तिला म्हटलं, "एवान्थिया, तू त्यांच्याशी जरा गोडीने बोल, त्यांचंही सगळं बुडतंय."

ती पाठ करून झोपली होती. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, म्हणून हात ठेवला. हसत होती की रडत होती कळलंच नाही.

"तू टीव्ही वाच," एवढंच म्हणाली. "माणसं मी वाचते."

१० एप्रिल, सोमवार

काल निवडणुका झाल्या. सरकार वाचलं. पेलागिया नाही.

ऑगस्टच्या मानाने आता चौथाई उरलीये. फोतिसचा फोन आला होता: लारिसावाला थांबायला तयार नाही, येऊन आमच्या भिंतींचं माप घेऊन गेला. मला कळलंसुद्धा नाही. मी समजलो होतो वीजमंडळाचा माणूस आहे, त्याला कॉफी पाजली. "चांगली जागा आहे," म्हणाला. चांगली आहेच.

बापाने लावलेला आरसा, शेगडीचं लांब धुराडं, खिडकीजवळचं टेबल. त्याला यातलं काही नको असेल. त्याला फक्त जागा हवी.

२३ एप्रिल, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार

दिनदर्शिकेत आज संत योर्गोसचा दिवस, म्हणजे माझी मुदत संपली. पण यंदा तो उपासाच्या दिवसांत आला, आणि उपासात आला की सण ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी करतात. पाद्रीबुवांना मी तीनदा विचारून घेतलं. "सण म्हणजे सण, थिमिओ, तारीख नव्हे," ते म्हणाले. फोतिसही हसत कबूल झाला. म्हणजे आठ दिवस मिळाले. आठ दिवसांत बाजार काय करणार? पण बुडत्याला आठ दिवसही चालतात.

वायोस हे नाव झावळ्यांवरूनच आलंय, आज त्याच्या नावाचा दिवस म्हणून त्याने सगळ्यांना मासे खिलवले. उपासात आज मासा चालतो. तळलेला कॉड, लसणाची चटणी. कुणीच मजेत खात नव्हतं.

झिसिस ताटाकडे बघत म्हणाला, "याच्या भाऊबंदांनी काय केलं बघ आपलं."

मग मी बोललो. आठवडाभर मनात घोळवलं होतं.

"मंडळी," मी म्हटलं, "मला टेबलावरून आधी उठायची परवानगी द्या."

कुणी मान वर केली नाही.

"मंगळवारी मी विकतो. जे येईल ते फोतिससमोर ठेवतो. भिंती मिळणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. तुम्हाला मागे टाकून जातोय. तुम्ही बसा, कदाचित वर येईल. आणि आणखी एक. सप्टेंबरमध्ये लाम्ब्रोस दाराशी भेटला, तेव्हा मी कप आणायला गेलो नव्हतो. तुम्हाला दगा द्यायला गेलो होतो. लाम्ब्रो, तुझी दाढ दुखली म्हणून माझी अब्रू वाचली."

लाम्ब्रोसने काटा खाली ठेवला. "थिमिओ," म्हणाला, "मी, त्या दिवशी..." आणि काटा परत उचलला. झिसिसने मोठ्यांदा नाक शिंकरलं.

"ऊठ, बाबा," वायोस म्हणाला. "ऊठ. देवासाठी ऊठ. आम्ही बसलोय इथे."

"मग नियमाप्रमाणे आजचं बिल माझं," मी म्हटलं.

"माझ्या सणाला?" वायोस इतक्या जोरात ओरडला की देवळातून आलेल्या बायका दारात थांबल्या. "माझ्या सणाला तू बिल देणार? बस खाली, नाहीतर बस घेऊन दरीत जातो!"

अशी माणसं. आपण बुडत असताना मला दोर देतात.

२५ एप्रिल, मंगळवार

विकले. वासोने हळू आवाजात विचारलं, "सगळे?" मी म्हटलं, "सगळे." "बरं केलंत, काका," म्हणाली. "आता कुणीच नाही." तिचा अर्थ मला कळला नाही. माझ्या मागे तिघं आहेत म्हणून सांगणार होतो, पण तिला गिऱ्हाईक आलं.

एवान्थियाने ईस्टरच्या तांबड्या अंड्यांसाठी रंग काढून ठेवलाय. "आत्ताच कशाला, गुरुवारी रंगवायची," मी म्हटलं. "यंदा जास्त लागतील," म्हणाली.

१ मे, सोमवार, ईस्टरचा दुसरा दिवस, संत योर्गोस

क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

देवळातून आल्यावर मी टेबल पुसलं. पाकीट मधोमध ठेवलं. फोतिस वकील आला, आणि त्याच्या मागोमाग तिघंही आले, लग्नाला जावं तसे कपडे घालून. मी त्यांना बोलावलं नव्हतं. माझ्या वाईट वेळी आधार द्यायला आले असणार. झिसिसला तर आज चीजचा वास नव्हता, साबणाचा होता.

"ख्रिस्त उठला, काका," फोतिसने ईस्टरचा नमस्कार घातला.

"खरंच उठला," मी म्हटलं. "पण मी बसलो, पोरा. एवढेच आहेत. चौथाईसुद्धा नाहीत. हे घेऊ नको, फक्त बघ. आणि लारिसावाल्याला सांग, आरसा मला काढून नेऊ दे."

फोतिसने घसा साफ केला. कविता विसरलेल्या पोरासारखं त्याने लाम्ब्रोसकडे पाहिलं. लाम्ब्रोसने मास्तरासारखी मान हलवली.

"आत्याचा फोन आला होता," तो म्हणाला. "ती म्हणाली, थिमिओकाका जे देतील तेवढं पुरे. भिंती त्यांच्या."

मला ऐकू आलंय की नाही तेच समजेना. "उरानिया म्हणाली? रस्ता बंद होता त्या हिवाळ्यातलंसुद्धा भाडं मागितलं होतं तिने!"

"वय झालं, काका. माणूस मवाळ होतो."

"आणि तिचा नवरा," लाम्ब्रोस हळूच म्हणाला.

"हां, आणि तिचा नवरा," फोतिस घाईघाईने म्हणाला. "त्यांच्या इथल्या फार आठवणी. इथेच बसायचे ना ते."

"तो कधीच बसला नाही इथे! माझ्या बापाशी त्याचं बोलणंच नव्हतं."

फोतिसला घाम फुटला. "म्हणूनच," शेवटी म्हणाला. "पश्चात्ताप."

झिसिसला एकदम खोकला आला. वायोसने त्याच्या पाठीत गुद्दे घातले, जरा जास्तच.

मी खाली बसलो. एवान्थिया आतून तांबड्या अंड्यांची टोपली घेऊन आली. तिने काही विचारलं नाही. दारामागून ऐकत असणार. प्रत्येकाच्या हातात एकेक अंडं ठेवलं, आधी लाम्ब्रोसच्या, मग वायोसच्या, मग झिसिसच्या, आणि ठेवताना प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरला. तिने माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या संसारात झिसिसचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

"आता ठीक आहे," ती त्यांना म्हणाली. मला नाही, त्यांना. बाईमाणसाचं सुटतं कधी भान आनंदात.

मी मेलबर्नला फोन लावायला उठलो. तिघंही एकदम ओरडले, "आत्ता नको! तिकडे रात्र आहे!" मग मी पत्र लिहिलं, मनापासून, दोन पानं. फोतिस म्हणाला मी टाकतो, आणि खिशात घातलं.

मग अंड्यावर अंडं आपटून फोडली. माझं फुटलं नाही. यंदाचं नशीब माझं.

१४ मे, रविवार

भिंती माझ्या होऊन दोन आठवडे झाले. फोतिसने कागद केले. रोज सकाळी दार उघडलं की आधी हात लावून बघतो. फळ्यावरचे आकडे पुसून टाकले आणि त्रिकालाच्या बसच्या वेळा लिहिल्या. वायोस म्हणतो, एवढा खरा फळा ग्रीसमध्ये दुसरा नाही.

पण सुख एकट्याने खाल्लं तर गळ्यातून उतरत नाही. मी तरलो. माझे तिघं अजून पेलागियातच बसलेत, आणि तोंडातून एक शब्द काढत नाहीत. काल मी टेबलाजवळ जाऊन सांगितलं: तुमचा शेअर परत वर येईपर्यंत या टेबलाला कॉफी फुकट.

"नको!" तिघं एका आवाजात म्हणाले.

"थिमिओ, पाया पडतो तुझ्या, पैसे घे," झिसिस म्हणाला. त्याचा चेहरा त्या अंड्यासारखा लाल झाला होता.

"नाही घेणार. तुम्ही आधी उठला नाहीत, मी उठलो. जो आधी उठेल त्याने बिल द्यायचं. नियम माझ्या बापाचा आहे."

लाम्ब्रोसने काढलेल्या नोटा परत खिशात घातल्या. एवान्थिया मोरीपाशी तोंडाला एप्रन लावून उभी होती.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. हे तिघं आयुष्यभर कॉफी गोड पीत आले, झिसिस तर चमचा उभा राहील एवढी. कालपासून तिघंही म्हणतात, "बिनसाखरेची दे." विचारलं तर म्हणतात, डॉक्टरने सांगितलंय. तिघांना एकाच दिवशी?

पडत्या काळात माणूस मित्राकडे साखर मागायलाही लाजतो. मी काही बोललो नाही. भांडं शेगडीवर चढवलं, आणि त्यांची पाठ आहे असं बघून दोन-दोन चमचे घातले.